शेंगेतला फेस आणि पुडीतला फेस

शिराळ्याहून पश्चिमेला आरळा, मणदूर अशी गावे मागे टाकत चांदोलीकडे जाऊ लागले की पाऊस वाढतो, ऊस मागे पडतो, भातखाचरे सुरू होतात आणि पुढे रान दाट होत जाते. सह्याद्रीच्या या ओल्या पट्ट्यात शिकेकाई वाढते. मोठ्या झाडांच्या आधाराने वर चढणारी ही काटेरी वेल; तिच्या पिकलेल्या शेंगा वाळल्या की तपकिरी आणि सुरकुतलेल्या होतात. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयनेच्या अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले, त्यामुळे उद्यानाच्या हद्दीतल्या शेंगांना हात लावता येत नाही. पण हद्दीबाहेरच्या डोंगरांतली शिकेकाई वाळून बाजारात येतेच. किराणा दुकानात ती रिठ्यांच्या शेजारी असते आणि तिथेच वर शाम्पूच्या पुड्यांची माळ लोंबत असते. शेंग म्हणजे 'नैसर्गिक' आणि पुडी म्हणजे 'केमिकल' अशी वाटणी गिऱ्हाईकाच्या मनात पक्की असते, आणि ती पक्की आहे हे ओळखून कंपन्याही पुडीवर शेंगेचे चित्र छापतात. माझे म्हणणे असे की त्वचेच्या आणि केसांच्या दृष्टीने ही वाटणी जवळजवळ निरुपयोगी आहे. पदार्थ कुठून आला हे त्वचा ओळखत नाही. तो काय आहे, किती आहे, अंगावर किती वेळ राहतो आणि कोणत्या पाण्यात वापरला जातो, एवढेच तिला कळते.

मुळात काम काय आहे ते आधी पाहू. डोक्याच्या आणि अंगाच्या त्वचेतून तेलकट स्राव सतत पाझरत असतो. धूळ, घाम, मृत पेशी त्यात चिकटून बसतात. नुसत्या पाण्याने मीठ आणि घाम निघतो, तेल निघत नाही. ते काढायला असा पदार्थ लागतो ज्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात, तेलाकडची टोके आत, पाण्याकडची बाहेर, आणि तो थेंब पाण्याबरोबर वाहून जातो. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत हे काम सॅपोनिन नावाचे रेणू करतात. त्यांचा एक भाग साखरेचा असतो, म्हणून पाण्याला जवळचा, आणि दुसरा तेलात रमणारा. साबणात तेच काम मेदाम्लांचे सोडियम क्षार करतात आणि शाम्पूत बहुतेक वेळा सोडियम लॉरेथ सल्फेट. हरभऱ्याच्या डाळीतही थोडे सॅपोनिन असतात. उटण्यात किंवा डाळीच्या पिठात तेल शोषून घेण्याचा गुण मोठा, पण ही मदतही असतेच. तेव्हा शिकेकाईने डोके धुणारी बाई आणि पुडी फोडणारी बाई एकाच रासायनिक क्रियेचा उपयोग करत असतात. 'केमिकल नको म्हणून शिकेकाई' या वाक्याला म्हणून काही अर्थ उरत नाही. 'हे केमिकल नको, ते हवे' असे म्हणता येते, पण मग कारण सांगावे लागते.

कारण सांगायचे तर आम्लतेपासून सुरुवात करावी. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.७ ते ५.५ च्या दरम्यान. जर्मनीतील हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी यांनी १९२८ मध्ये त्वचेच्या या आम्ल आवरणाविषयी लिहिले आणि तेव्हापासून हा विषय त्वचाशास्त्रात रुजला आहे. त्वचेच्या वरच्या थरातील मेद तयार करणारी विकरे या आम्ल स्थितीत नीट काम करतात. आता साबण पाहा. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून तयार झालेल्या खऱ्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, आणि तो आम्ल करता येत नाही. आम्ल मिसळले की साबणाचे पुन्हा मेदाम्ल होते आणि साबण साबण राहत नाही. शिकेकाईचा काढा मात्र किंचित आम्ल असतो, आणि बाजारातले बहुतेक शाम्पू सायट्रिक आम्ल घालून त्याच टापूच्या आसपास आणलेले असतात. केसांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना दिसतो. केसावरचे खवले अल्कलीत उचलले जातात, एकमेकांत अडकतात, केस राठ होतात आणि विंचरताना तुटतात. म्हणजे सामूच्या मोजपट्टीवर शेंगेच्या जवळ पुडी आहे. साबण लांब आहे. यातून आणखी एक गोष्ट निघते. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या लोकप्रिय असलेला शिकेकाईचा साबण, पायाच साबणाचा असेल तर, शिकेकाईचा अर्क घालूनही अल्कलीच राहतो. शेंगेचा जो गुण केसांना सर्वाधिक मानवतो तोच वडीत उतरत नाही. उतरतो तो रंग, वास आणि नाव.

पाण्याचा प्रश्न याहून कमी बोलला जातो, आणि तो सांगली जिल्ह्यात तर नकाशावर काढून दाखवता येईल. शिराळ्याच्या पश्चिमेला वारणा आणि मोरणा या नद्यांचे, डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी मुबलक. पावसाचे पाणी खडकात फार काळ मुरून न राहता वाहते, म्हणून त्यात क्षार कमी विरघळतात. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत-आटपाडीकडे, पाऊस तुटपुंजा आणि भिस्त पुष्कळ ठिकाणी विहिरी-बोअरवर. खोल खडकात दीर्घकाळ राहिलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येते. भारतीय मानक पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानते आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. साबणाचे रेणू या कॅल्शियमशी जोडले गेले की न विरघळणारा, पांढुरका, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारे ते कडे त्याचेच, आणि केसांवर, मानेवर, कोपरांवर तोच बसतो. मग फेस येत नाही म्हणून आणखी साबण लावला जातो, आणखी साका बसतो, कातडी आणखी कोरडी होते. शिकेकाईतले सॅपोनिन आणि शाम्पूतले सल्फेट यांना कॅल्शियमचा असा अडथळा फारसा होत नाही. वडीच्या वेष्टनावर टेट्रासोडियम ईडीटीए हे नाव दिसले की अनेकांना धास्ती वाटते; ते तिथे असते कॅल्शियमला धरून ठेवण्यासाठी, साका कमी व्हावा म्हणून. एकच साबण शिराळ्यात मानवतो आणि जतमध्ये लग्न होऊन गेलेल्या मुलीला मानवत नाही, याचे कारण साबणात शोधण्याआधी नळाखाली शोधावे.

आता ज्या नावाने सर्वाधिक भीती पसरली आहे ते घेऊ: सोडियम लॉरिल सल्फेट. या पदार्थाने कर्करोग होतो हे गेली कित्येक वर्षे फिरणारे विधान खरे नाही. तो त्वचेला चुरचुर आणू शकतो हे मात्र पूर्ण खरे आहे. इतके की त्वचेच्या दाहाचा अभ्यास करणारे संशोधक मुद्दाम हाच पदार्थ वापरतात. पण ते तो कसा वापरतात ते पाहिले पाहिजे. त्याचे सौम्य द्रावण पट्टीखाली झाकून बहुधा २४ तास त्वचेवर ठेवले जाते. डोक्यावर तो एखादे मिनिट असतो आणि भरपूर पाण्याने धुतला जातो. शिवाय आजच्या बहुतेक शाम्पूंत त्याच्या जागी त्याचाच भाऊबंद, सोडियम लॉरेथ सल्फेट, असतो. त्याचा रेणू मोठा केलेला असल्याने तो त्वचेत कमी शिरतो. त्यात कोकामिडोप्रोपिल बीटेन घातले की दोघांचे रेणू मिळून गोळे करतात, मोकळे फिरणारे रेणू कमी उरतात आणि मिश्रण एकट्या सल्फेटपेक्षा सौम्य होते. लेबलवरील यादी जितकी लांब तितका माल वाईट, हा समज इथे सरळ उलटा पडतो: कितीतरी वेळा नावे वाढलेली असतात ती चुरचुर कमी करण्यासाठीच. आणि 'सल्फेटमुक्त' लिहिलेल्या बाटलीत ओलेफिन सल्फोनेट असू शकते, जे तेल काढण्यात सल्फेटइतकेच कडक असू शकते. एक नाव गेले एवढ्यावरून सौम्यपणाची खात्री मिळत नाही.

टिकवणाऱ्या पदार्थांची कहाणी तर अशा उलट्या परिणामांचा धडाच आहे. शिकेकाई शेंगेत वर्षभर टिकते कारण ती वाळलेली असते. उकळून ठेवलेले पाणी एक-दोन दिवसांत आंबते. जिथे पाणी आहे तिथे जिवाणू-बुरशी येणार, आणि शाम्पूत पाणीच सर्वाधिक असते. म्हणून त्यात टिकवणारा पदार्थ हवाच. तो नसलेली बाटली धोकादायक. जवळजवळ शतकभर हे काम पॅराबेन करत आले. २००४ मध्ये ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्ब्र आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या २० गाठींत पॅराबेनचे अंश आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती आणि पॅराबेनमुळे गाठी झाल्या असे त्यात सिद्ध झाले नव्हते. तरी 'पॅराबेनमुक्त' ही विक्रीची घोषणा बनली. युरोपीय संघाने २०१४ मध्ये विचारपूर्वक निवड केली: ज्यांची पुरेशी माहिती नव्हती असे पाच पॅराबेन बंद केले, प्रोपिल आणि ब्युटिलवर मर्यादा आणली, मिथिल आणि इथिल राहू दिले. मधल्या काळात अनेक उत्पादकांनी मिथाइलआयसोथायझोलिनोन वापरायला सुरुवात केली होती, आणि त्याच्या अॅलर्जीची लाट आली. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला त्या वर्षाचा प्रमुख अॅलर्जीकारक ठरवले. युरोपने २०१७ मध्ये अंगावर राहणाऱ्या क्रीममधून त्याला बाहेर काढले आणि धुऊन टाकायच्या मालात दहा लाखांत १५ भाग एवढीच मुभा ठेवली. न सिद्ध झालेल्या भीतीपोटी जुना, ओळखीचा पदार्थ गेला आणि त्याच्या जागी आलेल्याने हजारो लोकांच्या हातांना, मानेला खरीखुरी खाज दिली. याच्या बरोबर उलट उदाहरण ट्रायक्लोसनचे. जंतुनाशक साबणांत तो वर्षानुवर्षे अभिमानाने मिरवला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तो आणि आणखी १८ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी आणि दीर्घकाळ सुरक्षित आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नाही. दोन्ही ठिकाणी निर्णय पुराव्याने व्हायला हवा होता. एका ठिकाणी तो घोषणेने झाला.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आजीच्या, पणजीच्या पिढीने आयुष्यभर शिकेकाई, रिठे, उटणे वापरले, त्यांचे केस कमरेपर्यंत होते. हा अनुभव पुरावा नाही का? आहे, पण कशाचा पुरावा ते तपासावे लागते. त्या पिढीत डोके बहुधा आठवड्यातून एकदा धुतले जाई, आदल्या रात्री खोबरेल चोपडलेले असे, केस रंगवणे, सरळ करणे, गरम हवेने वाळवणे नव्हते. खोबरेल तेल धुण्याआधी लावल्यास केसांतील प्रथिनांची झीज कमी होते हे प्रयोगांतही दिसले आहे. तेव्हा श्रेय शेंगेला किती, तेलाला किती आणि धुण्यातल्या संयमाला किती, हे वेगळे करता येत नाही. शिवाय परंपरेतली प्रत्येक वस्तू निरुपद्रवी नव्हती. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावण्याची रीत आपल्याकडे आहे. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि नेत्रतज्ज्ञांनी अशी प्रकरणे नोंदवली आहेत. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर होणारी आग घरोघर ठाऊक आहे. सुगंधी वनस्पतितेलांतील लिमोनीन आणि लिनालूल हवेच्या संपर्काने बदलतात आणि त्या बदललेल्या रूपात अॅलर्जी आणतात. प्रसाधनांच्या अॅलर्जीत सुगंध सगळ्यांत पुढे असतात, मग ते फुलातून काढलेले असोत वा कारखान्यात बनवलेले. आणि हळद? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यात तिच्याविषयी काही बोलणे जपून करावे लागते. स्वयंपाकात तिचे स्थान निर्विवाद. पण तिच्यातले करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि हळदीच्या साबणातला तिचा अंश काही सेकंदांत मोरीत जातो. प्रयोगशाळेत करक्युमिनचे जे गुण दिसतात ते वडीला आपोआप चिकटत नाहीत.

दुसरा आक्षेप नदीचा आहे. माझ्या अंगावरून एका मिनिटात धुतले गेलेले पुढे कुठे जाते? हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण वारणेकाठी एका गावाचे सांडपाणी हे पुढच्या गावाचे पाणी असते. पण इथेही उगमावरून निवाडा होत नाही. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतात. म्हणूनच अनेक प्रदेशांत डोहातले मासे गुंगवायला अशा वनस्पती वापरल्या गेल्या. दुसरीकडे, कारखान्यातल्या धुण्याच्या पदार्थांनी १९५० च्या दशकात युरोपातल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे केले, कारण त्यांच्या रेणूची साखळी फांद्यांची होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, उत्पादक सरळ साखळीकडे वळले आणि फेस ओसरला. शाम्पूतले लॉरेथ सल्फेट सरळ साखळीचे आहे आणि जिवाणू ते बऱ्यापैकी लवकर तोडतात. पुडीचे न विरघळणारे प्लॅस्टिक मात्र ओढ्यात तसेच राहते, आणि पुडीवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप तिच्या आतल्या मालापेक्षा या वेष्टनावर आहे.

मग घेताना काय पाहावे? साबणाच्या वेष्टनावर टीएफएम हा आकडा असतो, म्हणजे एकूण मेदाम्लांचे प्रमाण. भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के लागते. 'बेदिंग बार' म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीला किमान ४० पुरते. टीएफएम जास्त म्हणजे साबण जास्त आणि भर कमी. सौम्यपणाची हमी त्यात नाही. सौम्यपणा हवा असेल, इसब असेल, तान्हे मूल असेल, तर सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटसारख्या नावाने सुरू होणारी वडी अधिक बरी, कारण तिचा सामू साबणाहून बराच खाली असतो. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली नावे मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. टिकवणारे पदार्थ बहुधा एक टक्क्याच्या आतच असतात. तेव्हा सोडियम बेन्झोएट किंवा फिनॉक्सिइथेनॉल या नावांच्या मागे जर कोरफड, शिकेकाई, आवळा येत असेल, तर चित्रातल्या त्या वनस्पती आत चिमूटभरच आहेत असे समजायला हरकत नाही. हा एक नियम कळला तरी दुकानात उभे राहून निम्म्या जाहिराती पडताळता येतात.

शिराळ्याच्या भातपट्ट्यात तर हे ज्ञान थेट पायांना लागते. लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्वचेचा वरचा थर पाण्याने फुगून फाटतो. संध्याकाळी पाय स्वच्छ व्हावेत म्हणून कपड्यांच्या साबणाने घासले, तर अल्कलीमुळे तो थर आणखी फुगतो आणि उरलासुरला मेदही जातो. साध्या पाण्याने चिखल काढणे, साबण लावलाच तर अंगाचा आणि थोडा, बेचके कोरडे पुसणे आणि सकाळी खाचरात उतरण्याआधी तेल किंवा व्हॅसलीन लावणे, यात महागडे काहीच नाही. लाली, पू किंवा दुर्गंधी आली तर मात्र डॉक्टरच हवा.

यादी वाचायला शिकण्यात एक मोठी अडचण आहे आणि ती वाचणाऱ्याची नाही. घटक छापण्याची सक्ती ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन मालाला लागू नाही. १९८३ मध्ये कडलूरहून 'चिक' शाम्पू पुडीत आला आणि त्यानंतर खेड्यांतली शाम्पूची बाजारपेठ पुडीवरच वाढली. पुडी काही मिलिलिटरची असते. म्हणजे ज्या गिऱ्हाईकाला मोठी बाटली परवडत नाही त्याच्या हातात नेमका यादी नसलेला माल कायदेशीरपणे येऊ शकतो. जागा नाही हे कारण पुडीपुरते खरे आहे, पण पुड्या दुकानात माळेने किंवा खोक्याने येतात. त्या खोक्यावर आणि माळेच्या वरच्या पट्टीवर पूर्ण यादी, तीही मराठीत, छापायला कोणती तांत्रिक अडचण आहे हे सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम पुढच्या वेळी दुरुस्त करताना उत्पादकांना विचारले गेले पाहिजे.